पुढच्या खोलीतला मोठा गालिचा कोणाकडे जावा त्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा गालिचे विकणे व घरपोच अंथरून देणे, सध्याचा धंदा काळजी करणे (असे बायको म्हणते), डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट सगळे म्हणतात, एवढी घाई काय आहे. माझी शाळा अर्ध्यावर सुटली, तेव्हा वाक्य चुकले तर अर्थ बघावा.

कलम १. बँकेतली ठेव पत्नीची. तिच्यामागे मुलगा व मुलगी यांना सारखी.

कलम २. माझी मोजपट्टी मुलाला. नव्या घरात त्याने न मोजता गालिचा आणला. एवढ्या हॉलमध्ये तो पाकिटावरच्या तिकिटासारखा दिसतो. सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी गालिच्यावर टेकले पाहिजेत, हे त्याने घरात हजार वेळा ऐकले आहे. मोठी कात्री मात्र त्याला द्यायची नाही, कारण पुढे येईल. ती वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना देणार होतो. पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून आज सकाळी जिवंतपणीच हातात दिली.

कलम ३. मेहुण्याला काही नाही. जेवणाच्या टेबलाखाली घालायला त्याने लहान गालिचा घेतला. खुर्ची मागे ओढली की तिचे मागचे पाय गालिच्यावरून खाली उतरायचे आणि बसणारा डुगडुगायचा. तरी चारचौघांत म्हणाला, "भावोजींनी माप चुकवलं." मी त्याला आधीच सांगितले होते, खुर्ची मागे ओढून बस आणि मग माप घे.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. माणसे चप्पल पायात घालून बघतात, पण गालिचा घ्यायला येताना खोलीचे माप घरी ठेवून येतात आणि हटकून लहान घेतात. असे का होत असेल? कोणाला कळले तर पत्नीला सांगावे, तिलाही ऐकायचे आहे.

कलम ४. हे मुख्य. पुढच्या खोलीतला मोठा गालिचा पत्नीचा. तिचे गुडघे दुखतात, गार फरशीवर पाय ठेवला की कळ येते. माझ्यामागे ती एकटी कशी राहील या धास्तीने मी ठरवले की तिने मुलाकडे किंवा मुलीकडे जावे आणि गालिचाही तिच्याबरोबर जावा. पण कोणाकडे? आमच्या दुकानाची एक रीत होती. गालिच्याच्या मापाने जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवायची आणि दिवसभर त्यावर वावरून बघायचे. दोघांना सांगितले, आई राहील त्या खोलीत कागद लावा, मी बघायला येतो.

मुलाने कागद हॉलमध्ये लावले होते.

"आई इथे झोपणार?"

"सोफा उघडला की पलंग होतो, बाबा."

मुलीकडे कागद दोन बाजूंनी भिंतीवर चढले होते. तिने कपाट बाहेर काढून ठेवले होते. म्हणाली, "लहान आहे, पण दार लावून घेता येतं."

रविवारी दोघे इथे जमले. मुलगा म्हणाला, "मधोमध कापू. अर्धा माझ्याकडे, अर्धा ताईकडे. आईसुद्धा सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे." मी आधी मोठी कात्री कुलपात ठेवली. मुलगी म्हणाली, "आई काय वाटणीची वस्तू आहे का रे?" दोघे हमरीतुमरीवर आले.

तेव्हा पत्नी म्हणाली, "कागद इथे लावून बघा की. बरोबर बसतील."

मी म्हटले, "इथे? एकटी?"

"वर शिवणवाल्या बाई आहेत, समोर पोस्टमन आहेत. पडले तर ओरडेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे.

सबब हे राहते घर पत्नी हयात असेपर्यंत तिचे. ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला प्रेमानेसुद्धा हलवू नये. तिच्यामागे दोघांना निम्मे निम्मे. गालिचा ती सांगेल त्याचा. कापू नये.

कलम ५. गालिचा कसा ठेवावा याच्या सूचना मी येथे लिहीत होतो. पत्नीने खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, "लिहा हवं ते. मी तो आडवा टाकणार आहे."

"आडवा? का म्हणून?"

"मी बसते खिडकीपाशी. तिथे पोचतच नाही तो."

गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असायचा, तुम्ही बसता कुठे? घरात तो विचारायचा राहिला.

आता आडवा कसा दिसेल हे मेल्यावर मला कसे कळणार? म्हणून कलम ५ खोडले आहे. सहीच्या आधी दोन्ही साक्षीदारांनी सोफा उचलला, मी आणि पत्नीने गालिचा फिरवला. दाराकडे फरशी फार उघडी पडली आहे. दुकानात असे मी कोणाला करू दिले नसते. पत्नी खिडकीपाशी पाय टेकून बसली आहे आणि विचारते आहे, सही करताय ना?

करतो.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमन (सोफ्याची जड बाजू यांनी धरली)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळी, चांगल्या उजेडात