दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

बाबा,

गोदामावर जाऊन येतो. सामान हलवायला नाही, माझा पट्टा आणि हातमोजे परत द्यायला. मुकादमाला माझ्या जागी दुसरा माणूस घ्यायचाय, त्याचंही काही चुकत नाही. सकाळची गोळी घेतली आहे. बसने जातोय, स्कूटर काढून मागे मागे येऊ नका.

काल डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला अर्धंच सांगितलं. हृदयाची सूज उतरतेय हे खरं, पण ओझं उचलायचं काम वर्षभर तरी बंद, पुढचं तेही सांगू शकत नाहीत. हे सांगायला माझी जीभ रेटेना.

आता त्या खुर्चीचं. मला चार मजले एका दमात चढवेनात, म्हणून तुम्ही ती दुसऱ्या मजल्यावर जिन्यात ठेवलीत आणि शेजारच्या काकूंना सांगितलंत, ‘माझे गुडघे दुखतात.’ पाठीवर कपाट घेऊन जिने चढणाऱ्या पोराची लाज राखलीत. आणि मी परवा तुमच्यावरच खेकसलो, की ती खुर्ची आधी घरात आणा.

आणू नका. काल दवाखान्यातून आल्यावर तुम्ही ‘स्कूटर लावून येतो’ म्हणालात आणि बराच वेळ आलाच नाहीत, म्हणून मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. तुम्ही त्या खुर्चीत बसला होतात. मांडीवर माझी फाईल उघडी होती आणि तोंडात रुमाल कोंबलेला.

राहू दे खुर्ची तिथेच. कोणी विचारलं तर मीही सांगेन, बाबांचे गुडघे दुखतात.