आईचा रक्तगट

घनसावंगी, ३ फेब्रु. ९८
काल शकू गेली. जालन्याच्या दवाखान्यातच. किडनी. पोरगा नितीन अमेरिकेत, अग्नी मीच दिला.
आज एसटीडी बूथ उघडला. मेव्हणा दिगंबर म्हणाला, "दाजी, एकदम तसं लिहू नका. सीरियस आहे म्हणा. पोरगं धीरानं येतं." आपल्याकडं असंच कळवतात, तारेतही तसंच असायचं. मेल केली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, इंग्रजी लिपीत मराठी : आई सीरियस, जल्दी निघ.
फोन केला न्हाई. कान त्याचे माझ्यावर गेलेत, पहिल्या हॅलोलाच ओळखलं असतं.

५ फेब्रु.
नितीन : "तिकिटाचं बघून राह्यलो. आईच्या रिपोर्टचे आकडे टाका." रिपोर्ट खिशातच होता. टाकले.
लाइन मुद्दाम दिवसभर मॉडेमवर ठेवली. म्हणजे त्याचा फोन लागत न्हाई. गिऱ्हाईक वैतागलं, "भाऊ, तुमचं यंत्रच किंचाळून राह्यलं, आम्ही कधी बोलावं?" म्हणलं, त्याचं झालं की तुमचं. हसले सगळे. मीपण.

८ फेब्रु.
नितीननं आकडे न्यूजग्रुपात टाकले. तिथं कुणीही विचारावं, जगातून कुणीही उत्तर द्यावं. आलेली उत्तरं त्यानं इकडं धाडली. स्पेसबार दाबत वाचली. कॅनडाची एक बाई : मीठ बंद, केळी बिलकुल नको. एकजण विचारतो, पायावर सूज आहे का?
होती.
एवढ्या लोकांनी शकूची चौकशी कधी केली न्हवती.

११ फेब्रु.
दहावा उरकला. कावळा लगेच शिवला. दिगंबर म्हणे, ताईची इच्छा काही राहिली न्हाई.
तिथून बूथवर. नितीन : "किडनी मी देतो. आईचा रक्तगट कळवा." उत्तराचं बटण दाबलं. कर्सर लुकलुकत राहिला. मंग विचारलं तेवढंच लिहिलं. बी पॉझिटिव्ह.

१२ फेब्रु.
"माझाही तोच. निघालो."
आता सगळं खरं लिहून पाठवलं. विमानात मेल वाचता येत न्हाई. तिकडं पेटीत पडून राहील.

१३ फेब्रु.
उद्या सकाळी जालना स्टेशन. जीप सांगितली. दिगंबर टोपी घेऊन आल्ता. "घाला दाजी. भादरलेलं डोकं बघून पोरगं फलाटावरच बसेल."
घालून बघितली. घट्ट होते.
स्टेशनपासून घरापर्यंत रस्ता लांब. तो रिपोर्ट मागणार, दवाखाना कोणता विचारणार, आधी तिकडंच चला म्हणणार. जीपवाल्याला काय सांगायचं?
टोपी काउंटरवर आहे.