डब्याच्या झाकणाची डाय आणि माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, धंद्याने डायमेकर, पत्र्याच्या डब्यांची झाकणं ज्यात दाबून घडवतात त्या डाय बनवणारा, बाजारात 'झाकणवाले' म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. घरातल्यांचं याबाबत वेगळं मत असेल, तर ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. गुडघे गेले आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं, पण पोलादावरचा ओरखडा बोटाला अजून कळतो. याआधीचं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर मुलाला. तो दातांचा डॉक्टर आहे. तो माझ्या कारखान्यात आला नाही याचा मला राग नाही. त्याच्याही हातात बारीक हत्यारंच असतात, फक्त त्याच्याकडचं काम तक्रार करतं. न्हाणीघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला आहे, तो माझ्या पद्धतीने डावीकडे बंद होतो. त्याला प्लंबरचा हात लागू देऊ नये.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. माझ्या दिवंगत पत्नीचे कानातले सुनेला, तसं पत्नीच सांगून गेली. तिच्याविषयी इथे लिहिण्याची कायद्याने गरज नाही, पण मृत्युपत्र माझं आहे. माझी झाकणं किती मजबूत असतात हे मी पाहुण्यांना जेवणाच्या ताटावर समजावून सांगायचो. तेव्हा ती म्हणायची, "झाकण मजबूत आहे हो, पण डबा उघडायला मला शेजारणीला हाक मारावी लागते, त्याचं काय?" तिची आठवण मला रोज येते.

कलम तीन. माझ्या मेहुण्याला माझा जुना मायक्रोमीटर. कागदाची जाडी मोजावी इतकं नाजूक ते यंत्र. मेहुण्याने ते मागून नेलं आणि खुर्चीचा मोडलेला पाय चिकटेपर्यंत आवळून धरायला वापरलं. तेव्हापासून ते खोटं बोलतं. ते आहे त्याच अवस्थेत त्याला द्यावं आणि देताना कोणी हसू नये.

कलम चार. कारखाना, म्हणजे दोन खोल्या, लेथ, ग्राइंडर, झाकणं दाबणारा मोठा प्रेस आणि मागची पडवी, सगळं तिथे माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीला. यात कोणीही वाटा मागू नये.

हे का, ते सविस्तर सांगतो. डब्यात वायू भरलेलं पेय असेल, तर तो वायू झाकणाला आतून रेटत असतो. झाकणाच्या कडेजवळ गोल चर असतो. सगळी ताकद त्या चरात. चर उघडला की झाकण फुगून उलटतं. पूर्वी सगळे पत्रा ओढून चर पाडायचे. ओढलेला पत्रा वळणावर पातळ होतो, म्हणजे जिथे जोर लागणार नेमका तिथेच. मी उलटं केलं. आधी मधला भाग वाटीसारखा सैल घेतला, मग खालून ढकलला, की पत्रा आपल्या पायाने चरात उतरतो. गादीच्या खोळीत कापूस सारावा तसा. चर खोल होतो, अरुंद होतो आणि पातळ होत नाही. डब्यांच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी पहिल्यांदा ते झाकण बघून म्हणाला होता, "हे चालायचं नाही." त्याच्याकडे ते अजून चालतं आहे. त्याला मी काहीही ठेवलेलं नाही.

तर ही माझी डाय. तिच्यावर घर उभं राहिलं, मुलं शिकली, मी मिरवलो.

मागच्या वर्षी तेलाची बुधली शोधायला कारखान्यातलं मुलीचं कपाट उघडलं, तर फडक्यात गुंडाळलेली एक डाय हाताला लागली. माझ्यासारखीच, पण चराच्या भोवती स्प्रिंगवर बसवलेलं एक कडं होतं. पत्रा खालून ढकलताना ते कडं चराची भिंत धरून ठेवणार, तिला हलू देणार नाही, हे मला बघताक्षणी कळलं. हे मला का सुचलं नव्हतं, हा प्रश्नही त्याच क्षणी पडला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. हात बसावा म्हणून केलं होतं."

"हात बसावा म्हणून कोणी पोलाद भट्टीत घालून कडक करत नाही."

मी तिला त्यातून एक झाकण काढायला लावलं आणि दोन्ही झाकणं हवेच्या दाबावर तपासली. माझं फट्कन उलटलं. तिचं जागचं हललं नाही. दाब दाखवणारा काटा शेवटाला टेकला तेव्हा मीच घाबरून झडप बंद केली. तिचा पत्रा तर माझ्यापेक्षा पातळ होता.

"कधीपासून आहे ही कपाटात?"

"आई होती तेव्हापासून."

"आणि प्रेसवर का चढवली नाहीस?"

"तुमची चालू आहे ना. चालू दे की. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला वाईट वाटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं. पण खरा राग आला तो तिने मला काचेचं भांडं समजून जपलं याचा. तिची डाय पुन्हा कपाटात गेली. वर्ष झालं, रोज सांगतो, रोज ती म्हणते, "बघू." 'बघू' म्हणजे मी गेल्यावर, हे न कळण्याइतका मी बहिरा नाही.

कलम पाच. माझी डाय काचेच्या कपाटात ठेवायची, असं मुलाच्या मनात आहे. ठेवू नये. ती तापवून नरम करावी, कापावी आणि तिच्यातून मुलीच्या पुढच्या डायची कडी काढावीत. पोलाद उत्तम आहे, मी स्वतः निवडलेलं. मुलगी म्हणते, कापणं जिवावर येईल. येऊ दे, तरी कापावी.

कलम सहा. मुलीची डाय प्रेसवर चढवावी. हे कलम वकीलबाईंनी खोडलं होतं. त्यांचं म्हणणं, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, आणि हे तर तुम्हाला आत्ताच हवं आहे. मी म्हणालो, "अहो, मेल्यावर मला दिसणार कसं?" यावर त्यांच्या पुस्तकात काही सापडलं नाही. तेव्हा, हे कलम सहीच्या आधीच अमलात आणलं, त्याची नोंद खालीलप्रमाणे.

मुलीला वाटा मिळणार असल्याने ती साक्षीला चालत नाही, म्हणून तिला बाहेर बसवलं होतं. मी तिला आत बोलावलं, वकीलबाई आणि दोन्ही साक्षीदारांना घेऊन प्रेसपाशी गेलो आणि सांगितलं, माझी डाय उतरल्याशिवाय सही होणार नाही. तिने वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी छताकडे पाहिलं. मग तिने पाना घेतला. शेवटच्या बोल्टला तिचा हात थांबला.

"बाबा, नक्की?"

"सोड."

तिची डाय चढली. पहिलं झाकण निघालं, ते तिने सवयीने माझ्यापुढे धरलं. मी हात मागे बांधून घेतले. मग तिने ते स्वतः उजेडात धरलं, चरावरून नख फिरवलं, नाक मुरडलं आणि मला काही न विचारता प्रेसची उंची बदलायला वाकली. पुढची झाकणं माझ्यासाठी थांबली नाहीत.

मी खुर्ची मागवली आणि तिथेच सही केली.

ठिकाण: प्रेसच्या शेजारी, प्रेस चालू असताना.
तारीख: वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातली आहे तीच.
सही: झाकणवाले

साक्षीदार पहिला, समोरचा शिंपी: सही माझ्यासमोर केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शुद्ध पूर्ण होती.

साक्षीदार दुसरी, औषधाच्या दुकानाची मालकीण: वरीलप्रमाणेच. मुलीला हे दिसलं नाही. ती कामात होती.