नावाआधीचा पत्ता

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८.४०
तक्रार नोंदवून ठेवतो. एकतीस वर्षांच्या संसारात रविवारचा चहा साडेसातला आणि सोबत मुरमुऱ्यांची सुशीला, ही व्यवस्था एकाही सरकारला मोडता आली नव्हती. गेले पाच रविवार ती मोडली आहे. महेश्वरी, म्हणजे आमची सौ., साडेसातला सरकारी दवाखान्यातल्या तारामती सिस्टरच्या ओसरीवर ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेला जाते. चहा थर्मासमध्ये ठेवलेला असतो. थर्मासमधला चहा हा चहा नव्हे, चहाची स्मृती आहे. कुठल्याही नैयायिकाला विचारावं.
परवा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येलाही, शेतात भज्जी-आंबील झाली नाही. विचारलं तर म्हणाली, अहो, उभं ऱ्हावंना. ही त्यांच्या पास्टरची शिकवण. सणवार एकदम बंद करा म्हणत नाहीत, अशी कारणं शिकवतात.
संकल्प: चाळीस दिवसांत बायबल वाचून संपवणे. पास्टरला निरुत्तर करणे. मठाच्या पाठशाळेत नऊ वर्षं घासली आहेत, ती काय पंचायत समितीच्या बातम्या लिहिण्यासाठी? महेश्वरी घरी, चहा साडेसातला.

८ जानेवारी, बुधवार
पास्टरचं नाव बब्रुवान. वय चौतीस. आठवडाभर तहसीलसमोर पंक्चरचं दुकान, रविवारी धर्मोपदेश. त्यानंच मला बायबलची प्रत दिली. मुखपृष्ठावर ग्रीसचा अंगठा.
प्रश्न टाकला. माणूस तरतो कशानं? तुमचा पौल म्हणतो विश्वासानं, तुमचाच याकोब म्हणतो कृती नसेल तर विश्वास मेलेला. दोघांतला खरा कोण? ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत तो म्हणाला, काका, हवा भरली की चाक चालतंयच की. चालंना म्हंजी आत हवाच न्हाय. दोघं एकच सांगत्यात.
उत्तर बरं होतं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. त्याला एवढंच म्हणालो की दृष्टांत म्हणजे प्रमाण नव्हे. तो म्हणाला, व्हय काका, चा घ्या. घेतला. गरम होता.

१० जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४
पेपरला एक निधनवार्ता पाठवली. अठ्ठावीस वर्षं लोहाऱ्याचा वार्ताहर आहे. माझ्या बाकी सगळ्या बातम्या कापतात. निधनवार्तेत मात्र नावाआधीच्या एका शब्दाला कात्री लावत नाहीत. त्या शब्दात माणूस कुठं गेला ते असतं. शिवभक्त कैलासवासी, माळकरी वैकुंठवासी, आम्हा लिंगायतांत लिंगैक्य, मुसलमान पैगंबरवासी, ख्रिस्ती ख्रिस्तवासी. पत्ता चुकून चालत नाही. एकदा एका माळकऱ्याला मी कैलासवासी केलं, तर त्याचे तीन पुतणे दारात. आमच्या आबाला कैलासात कशापायी धाडलं? दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं शुद्धिपत्र छापलं, आबा वैकुंठात. पौल आणि याकोब अजून वाद घालतायत, मी चोवीस तासांत काम केलं.
ही गोष्ट जेवताना महेश्वरीला पुन्हा सांगितली. लई हसली, पोट धरून. मग म्हणाली, आणि माझ्या नावाआधी काय लावाल हो? म्हणालो, जेवताना असलं बोलू नये.
भाकरी अर्धीच खाल्ली. उपवास असावा. बायबलात उपवासाबद्दल काय आहे ते पाहणे.

१६ जानेवारी, गुरुवार
सोलापूरला जाऊन आलो. महेश्वरीची ॲसिडिटी. सिस्टर दवाखान्यात नोकरीला असल्यामुळं त्यांना साध्या ॲसिडिटीचंही कौतुक. गेल्या आठवड्यात त्याच तिला तपासण्यांना घेऊन गेल्या होत्या. आज डॉक्टर कागद बघून सांगणार होते.
तिच्या नावाचा पुकारा झाला आणि नेमका बब्रुवानचा फोन. येशूशेजारी वधस्तंभावर चढवलेल्या चोराबद्दल मी विचारून ठेवलं होतं. आयुष्यभर चोऱ्या, पदरी एक सत्कर्म नाही, बाप्तिस्मा नाही, आणि शेवटच्या घटकेला एक विनंती केली तर थेट सुखलोकात. महेश्वरीला म्हणालो, तू हो पुढं, आलोच. पंचवीस मिनिटं जिन्यात उभा राहून बोललो. चोराला पाण्याशिवाय प्रवेश, तर माझ्या बायकोला बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवायची भाषा कशाला? बब्रुवान म्हणाला, काका, इचारून सांगतो. विजय.
तोवर ती बाहेर आली होती, हातात पाकीट. काय म्हणाले? म्हणाली, गोळ्या दिल्यात.
एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. असं कधी करत नाही, लोक बघतात म्हणून. पाकीट कपाटात ठेवलं आहे, सावकाश वाचू. सध्या रोमकरांस पत्र चालू आहे.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाची बातमी पाठवली. घरची बातमी अशी की महेश्वरी बाप्तिस्मा घेणार. ९ फेब्रुवारी, सोमलिंग मास्तरांचं शेततळं. सोमलिंग मास्तर म्हणजे पाठशाळेतला माझा सोबती, आता त्या मंडळींतला वडीलधारा. थोडक्यात फितूर.
विरोधात वीस मुद्दे मांडले. तेराव्या मुद्द्याला तिला झोप लागली.
संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, गायत्रीचा फोन. बाबा, आईचा रिपोर्ट वाचला का? म्हणालो, करिंथकरांस पहिलं पत्र, सहाव्या अध्यायापर्यंत आलोय. ती रडायला लागली. पुण्यात कामाचा ताण फार.

२८ जानेवारी, मंगळवार. सकाळी १०.१५
सापडलं! करिंथकर, अध्याय सात. विश्वास न ठेवणारा नवरा बायकोच्या योगानं पवित्र झालेला आहे. पौल स्वतः सांगतो. म्हणजे मला बुडायचं कारण नाही. रेशनकार्डावर नाव असलं की झालं, कुटुंबप्रमुख ती.

तोच दिवस, दुपारी
तडक दुकान गाठलं. बब्रुवान वाचून म्हणाला, काका, लई भारी काढलंत. मास्तर तिथंच टायरवर बसले होते. चष्मा पुसत म्हणाले, रेवणसिद्धा, दोन ओळी खाली वाच की.
खाली वाचलं. बाई गं, तू नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक, अशा अर्थाचं आहे.
म्हणालो, ग्रंथाचा अर्थ आरंभ आणि शेवट जुळवून लावावा, मीमांसकांचा नियम आहे. मास्तर म्हणाले, अरे म्हणून तर शेवटाकडं बघ म्हणतोय. बब्रुवान म्हणाला, पवित्र झाला म्हंजी तरला असं न्हवं. मास्तर म्हणाले, तरला नाही असं तरी कुठं लिहिलंय? दोघांची जुंपली. असं भांडण लागावं म्हणून मी तीन आठवडे झटतोय. मजा आली नाही.
घरी येऊन तिच्या उशाजवळची प्रत उघडली. अध्याय सात. वरच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. खालच्या ओळीखाली रेघ ओढून रबरानं पुसलेली. शाळकरी पोरीसारखं. अभ्यासकानं असं करू नये.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
बाप्तिस्मा झाला. मी वार्ताहर या नात्यानं हजर होतो. टॉवेल माझ्या हातात होता, कारण कुणाच्या तरी हातात असायला हवा.
पाण्यात उतरण्याआधी महेश्वरीनं गळ्यातलं लिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाली, सांभाळा. पाण्यात पडू नये म्हणून दिलं असणार. परत मागेल.
बब्रुवाननं तिला दोन्ही हातांनी असं धरलं, जसं काचेचं सामान उतरवून घेतात. टायर उचलणारा माणूस, वाटलं नव्हतं. बुडवलं, वर काढलं. सिस्टर रडत होत्या.
काठावर आल्यावर मी टॉवेल गुंडाळला. घरचाच टॉवेल, नेहमीचा. दोन वेढे बसले आणि तरी टोक उरलं. एवढी कधी बारीक झाली?
लिंग मागितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
पाकीट उघडलं. एकच पान. याच्या अर्थाबद्दल दोन मतं होऊ शकत नाहीत. स्वादुपिंड. यकृतापर्यंत पसरलेलं. वर तारीख १६ जानेवारी.
विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुमचं वाचन चाललं होतं. एकतीस वर्षांत माझ्यापायी एवढं कधी वाचलं होतं का तुम्ही? गायत्रीला सांगितलं मी, म्हणलं बाबांना वाचू दे.
मग म्हणाली, रविवारी साडेसातला आम्ही घरच्यांची नावं घेतो. मी तुमचं घेते. चहाची वेळ म्हणून बरोबर ध्यानात राहतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुकानात गेलो. मुद्दे लिहिलेला कागद नेला नव्हता. बब्रुवानला विचारलं, ती तुमच्यातली झाली, मी हा असा. मेल्यावर आमची गाठ पडते का नाही, तेवढं सांग.
त्यानं हातातली पान्यांची पेटी खाली ठेवली. म्हणाला, काका, मावशींनी पयल्याच दिवशी ह्येच इचारलं हुतं. तवा बी सांगता आलं न्हाय. मला न्हाय माहीत.
मग माझ्यासाठी चहा सांगितला.
पास्टर निरुत्तर. संकल्प पूर्ण झाला, मुदतीच्या एक दिवस आधी.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.३०
चहा मी केला. साखर जास्त पडली. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, चांगला झालाय. आता ओसरीपर्यंत चालवत नाही, म्हणून पलंगावरच डोळे मिटून बसली. ओठ हलत होते. मी समोर कप धरून बसलो. चहा निवला. तक्रार नाही.
माझ्या गळ्यात आता दोन लिंगं आहेत. तिनं मागितलं नाही, मी विचारलं नाही.
सवयीनं एका कागदावर तिचं नाव लिहिलं आणि नावाआधी जागा सोडली. तिचा शब्द मला ठाऊक आहे. माझ्या वेळी माझ्या नावाआधी कोणता शब्द लागेल, तोही ठाऊक आहे. दोन्ही शब्द मीच शेकडो वेळा छापून आणलेत. हे दोन एका घरात लावायचे झाले तर शुद्धिपत्र कुठं पाठवायचं, ते मात्र कुणाला माहीत नाही. कागद फाडला.
तारण, पौल, याकोब, सगळं बाजूला ठेवतो. ती जाणार आहे. आणि त्यानंतर ती मला पुन्हा कुठंच दिसणार नाही, याची मला भीती वाटते.