आधीच्या मुलीचं नाव काढायचं नाही

४ ऑगस्ट १९८६, बरबँक

पोचलो एकदाचे! बेकर्सफील्डपासून इथपर्यंत आईने एकाही गाडीवाल्याचा उद्धार केला नाही, म्हणजे बघा किती खूश आहे ती. इमारत झकास आहे. खाली पोहायचा तलाव, आणि त्याच्याभोवती टीव्हीत काम करणारी पोरं आणि त्यांच्या आया. एक पोरगा जाहिरातीत कॉर्नफ्लेक्स खातो, तर केवढा भाव खातो मेला! मी त्याला सांगितलं, मी 'मेपल गल्लीतलं घर' या मालिकेतली आख्खी बिट्सी आहे. पळाला पाण्यात बुडी मारायला.

मी ट्रूडी हॅस्केल, वय अकरा. वही सापडली तर परत द्यावी. आगाऊपणा करून वाचू नये.

५ ऑगस्ट

आज बिट्सीचं घर पाहिलं. त्याला तीनच भिंती आहेत, चौथीच्या जागी प्रेक्षकांचे बाक. नळाला पाणी नाही, आणि जिना वर जातो तो कुठेच जात नाही.

आतापर्यंत बिट्सीचं काम जेनीन नावाची मुलगी करायची. आता मी. मालिकेत यावर कुणी चकार शब्द काढणार नाही. टीव्हीवर असंच असतं. या आठवड्यात एक तोंड, पुढच्या आठवड्यात दुसरं, आणि घरातले आपले "बिट्सी, जेवायला चल" म्हणून मोकळे. बघणारे थोडे कुरकुरतात, मग तेही विसरतात. आमच्या निर्मात्या मिसेस ऑल्डन अगदी गोड आवाजात म्हणाल्या, बाळा, आधीच्या मुलीचं नाव इथे काढायचं नाही हं, अपशकुन होतो. मी म्हटलं, बरं. माझं काय जातंय?

जिन्याच्या भिंतीवर बिट्सीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. सगळ्यांत माझा चेहरा. पुढचे दात पडलेली मीच. मी सेट सजवणाऱ्या सामानवाल्या माणसाला म्हटलं, किती छान चिकटवलाय हो, कळतही नाही. तो म्हणाला, चिकटवलाय कसला, हे फोटो पहिल्यापासून असेच आहेत. नाटकी कुठला.

१५ ऑगस्ट

पहिला भाग झाला. लोक हसले, टाळ्या पडल्या, मला फार बरं वाटलं. पण एक सांगते, ही माणसं काही चांगली नाहीत. दिवे लागले की मालिकेतला बाप माझ्या कपाळाची पापी घेतो. विझले की म्हणतो, सरक, वाटेत उभी राहू नकोस. ज्या बाईने माझी वेणी घातली तिला माझं नाव माहीत नाही, आणि विचारायचीही इच्छा नाही.

बरं आहे, आई समोर असते. लहान मुलांच्या आईने नजरेच्या टप्प्यात बसायचं असा इथला कायदा आहे. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत ठाण मांडून बसते आणि सगळ्यांवर डोळे वटारते.

२७ ऑगस्ट

आज आईने सगळ्यांची बिनपाण्याने केली!

मला ताप होता. प्रसंग असा, की बिट्सीच्या तोंडावर मलईचा केक आपटतो. आपटला. परत एकदा म्हणाले. मग परत. मलई डोळ्यांत जाऊन आग होत होती, आणि मी रडले तर दिग्दर्शक म्हणाला, रडणं नको, हे हसायचं आहे. तेव्हा आई उठली. माझी पोरगी म्हणजे पायपुसणं वाटलं का तुम्हाला, म्हणाली. आणि मग सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाली, जेनीनचंही हेच केलंत ना? कुठाय ती? तिच्या घरी फोन केला तर तिचा बाप म्हणतो, जेनीन नावाचं इथे कुणी नाही!

दिग्दर्शक खाली बघायला लागला. मिसेस ऑल्डन तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, तुमचं खरं आहे, बदल करायलाच हवा.

आईला वाटलं आपण जिंकलो. मला मोठा मिल्कशेक घेऊन दिला आणि म्हणाली, तुझ्या आईशी पंगा घेतात, हॅ! माझी आई कशी का असेना, तिच्यासारखी दुसरी नाही.

२८ ऑगस्ट

सकाळी उठले तर आईचा गाऊन घालून एक बाई अंडी तळत होती. बारीक, नीटनेटकी. उठलीस का राणी, म्हणाली.

मी किंचाळले. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

कॉर्नफ्लेक्सवाल्याची आई आली, तिला 'डोरीन' म्हणाली, माझ्या आईचं नाव! साखर मागून गेली. मी बेकर्सफील्डला बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, दे बरं आईला. दोघं हसत हसत बोलत बसले. मग मला म्हणाले, ट्रूडे, आईला छळू नकोस, ती बिचारी तुझ्यासाठी घर सोडून तिथे राहिलीय.

आईच्या पाकिटातल्या लायसनवर त्या बाईचा फोटो आहे.

२ सप्टेंबर

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते. माझ्या तोंडावर केक आपटला की टाळ्या वाजवते. आज डोळे सुजून मिटले तरी वाजवत होती.

आमच्या शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या खाली बघत पुटपुटल्या, आधीच्या कुणाचंच नाव काढू नकोस गं, तुझ्या पाया पडते.

रात्री ती माझं पांघरूण नीट करते. प्रेमानेच करते. मी ते लाथेने उडवते.

५ सप्टेंबर

मिसेस ऑल्डनकडे गेले. पाय धरले. म्हटलं, माझी आई परत द्या.

त्या नाही म्हणाल्या नाहीत! त्यांना सगळं माहीत आहे. म्हणाल्या, तुम्हा मायलेकींची जोडी कामाच्या आड येत होती, म्हणून बदल केला. तिला आणू की परत. पण मग दुसरीकडे बदल करावा लागेल, चालेल?

मी म्हटलं, काय हवं ते करा. फक्त आई आणा.

नक्की ना, त्यांनी विचारलं. नक्की, नक्की!

मला बिस्किट दिलं. आई येणार. आई येणार.

६ सप्टेंबर

आली! आईच! स्वयंपाकघरात — तिचा तो घोगरा आवाज — ट्रूडे, ऊठ गं, गार होतंय —

मी उठून धावणार, तोच बाहेर कुणीतरी म्हणालं, आले आई.

टेबलाशी एक मुलगी. माझे कपडे. आई तिचे केस विंचरतेय.

मी आईच्या गळ्यात पडले. ती दचकली. मग माझे डोळे पाहिले तिने. म्हणाली, अगं बाई, काय दशा केलीय पोरीची! कुणाची गं तू? तुझी आई कुठाय?

मी म्हटलं, तूच — तूच —

ताप आहे हिला, म्हणाली. तापातल्या पोराला असं सोडून देते, कसली आई म्हणायची ही? मला जवळ घेऊन जिन्यापर्यंत आणलं. इथेच बस, हलू नकोस, मी हुडकून काढते तुझ्या आईला, आणि चांगली खडसावते —

ही वही तेवढी माझ्या हातात राहिली. आई आत फोन फिरवतेय. ती सोडणार नाही. माझ्यासाठी भांडतेय आई — मला न ओळखता —

खाली गाडी थांबली. मिसेस ऑल्डन. वर येताहेत — मलाच माझं नाव विचारताहेत, हसून —

आई, फोन ठेव, बाहेर ये, अगं तू जिला शोधतेयस ती