पडद्यामागचं केळं

ती. बाबा,

वाकून नमस्कार. दिवसभर शिलाई मशीनपुढे वाकलेलीच असते, तेव्हा वेगळे कष्ट पडले नाहीत!

सध्या एका ऑपेराचे, म्हणजे सगळं गाऊनच करायच्या नाटकाचे, कपडे शिवतेय. गोष्ट बायबलमधली. लढाई जिंकलो तर घरातून जो पहिला सामोरा येईल त्याचा बळी देईन, असा नवस बाप बोलतो. आणि नेमकी लाडकी लेक धावत येते.

इथली रीत अशी, की मरण स्टेजवर दाखवायचं नाही. लेक पडद्यामागे जाते आणि पन्नास जणांचा कोरस ती कशी गेली ते गळा काढून सांगतो. तेवढ्यात ती माझ्याजवळ बसून केळं खाते आणि मी तिची उसवलेली बाही टाचते.

आईच्या पत्रात तुमचं ऑपरेशन 'अगदी किरकोळ' होतं आणि तुम्ही 'ठणठणीत' आहात. दादाही तेच गातो. पण तीन पत्रं झाली, तुमच्या हातची एक ओळ नाही.

बाबा, कोरस पुरे झाला. पडद्यामागे केळंच खात बसलायत ना? मग दोन ओळी स्वतः लिहा.

तुम्ही आलात की दारात सगळ्यांत आधी धावत येणारी,
धाकटी