व्हर्लीनच्या गाण्याचे हक्क

मी, अल्विन पेटवे, वय सदुसष्ट, मोटार कारखान्यातला निवृत्त आरेखक, राहणार डेट्रॉइट, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते पूर्ण शुद्धीत, कुणीही भरीस न घालता लिहून ठेवत आहे. आधीचे मृत्युपत्र माझी पत्नी व्हर्लीन हिच्या नावे होते. ती गेल्या मार्चमध्ये वारली, म्हणून ते रद्द.

राहते घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी आमची मुलगी नोरीन हिला. गाडीचा डावा दरवाजा जोरात ओढावा लागतो. माझी आरेखनाची पेटी चर्चच्या शाळेला द्यावी, पाद्रीबुवांच्या हातात नव्हे. त्यांनी नेलेली शिडी अजून आलेली नाही.

मेहुणा होझिया गेन्स याला काहीही देऊ नये. नंतर वाद नको, म्हणून कारण लिहितो.

१९६६ साली होझियाच्या लहानशा रेकॉर्ड कंपनीसाठी व्हर्लीनने एक गाणे गायले. लंडनच्या एका कंपनीला त्याच्या दुसऱ्या गायकाचे गाणे इंग्लंडात काढायचे होते. सौदा पक्का व्हावा म्हणून होझियाने व्हर्लीनचेही त्यात घातले. इंग्लंडात ते काढायचा हक्क सात वर्षे फक्त त्या कंपनीचा. रेकॉर्ड काढलीच पाहिजे अशी अट नाही. त्यांनी काढली नाही. मँचेस्टरच्या एकाने व्हर्लीनचे गाणे मागितले, तेव्हा ते देणे होझियाच्या हातात उरले नव्हते. यातले काहीही त्याने तिला कळू दिले नाही.

ती विचारायची, "होझिया, लंडनचं काही कळलं का रे?"

"अगं ताई, इंग्रज ते. आधी चहा पिणार, मग विचार करणार."

पुढे तिने विचारणे सोडले. मला एकदाच म्हणाली, "ऐकलं असेल हो त्यांनी. आवडलं नसेल." त्यानंतर चर्चमध्येही ती मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायची.

तिला पुरून आल्यावर होझिया म्हणाला, "दाजी, लंडनमध्ये कुणी ती टेप लावूनसुद्धा बघितली नव्हती. खोकं न फोडताच परत आलं."

"हे तिला का नाही सांगितलंस?"

"मग मला काय म्हणाली असती ती?"

नंतर त्याने टेप आणि गाण्याचे सर्व हक्क माझ्या नावे करून दिले. मी घेतले. आभार मानले नाहीत. माझ्या अंत्यविधीला तो आला तर बसू द्यावे, बोलू देऊ नये.

हे हक्क नोरीनला. परदेशात कुणालाही गाणे द्यायचे झाल्यास ते एकटेच द्यावे, दुसऱ्या कुणाच्या गाण्यासोबत नाही. वर्षभरात रेकॉर्ड निघाली नाही तर हक्क आपोआप परत यावा. आणि घेणाऱ्याने आधी नोरीनसमोर बसून ते शेवटपर्यंत ऐकावे. नाही आवडले तर तसे सांगावे. निदान ऐकून सांगितलेले असेल.

सही: अल्विन पेटवे

आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळणार नाही:
आयडा क्रेन्शॉ, शेजारीण
वेंडेल टॉलिव्हर, शिंपी

डेट्रॉइट, ९ नोव्हेंबर १९९८